शत्रू एकच, तरी जपान आणि दक्षिण कोरियाचं का जमत नाही?

उत्तर कोरियाने क्षेपणास्त्र डागलं की धास्ती सोलमध्येही असते आणि टोकियोमध्येही. दोन्ही देश अमेरिकेचे मित्र. तरीही लष्करी गुप्त माहिती एकमेकांना थेट देण्याचा ‘जीसोमिया’ करार व्हायला २०१६ साल उजाडलं. त्याआधी २०१२ मध्ये सह्यांना तासभरही उरला नसताना दक्षिण कोरियाने माघार घेतली होती. जपानशी लष्करी करार म्हटल्यावर देशात संताप उसळला होता.

कारण १९१० ते १९४५ अशी ३५ वर्षं कोरिया जपानच्या ताब्यात होता. सक्तीची मजुरी आणि जपानी सैनिकांसाठी लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रिया, या जखमा आजही ओल्या आहेत. १९६५ च्या करारात सगळा हिशेब मिटला, असं जपान म्हणतो. दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मानलं नाही. एका जपानी पोलाद कंपनीने चार मजुरांना प्रत्येकी १० कोटी वॉन द्यावेत, असा निकाल आला. तोवर चौघांपैकी एकच हयात होता.

इथून प्रकरण चिघळलं. २०१९ मध्ये जपानने चिप उद्योगाला लागणाऱ्या तीन रसायनांची निर्यात आवळली. त्यावर दक्षिण कोरियाने थेट जीसोमियाच मोडायचं जाहीर केलं! मुदत संपायला काही तास असताना तो निर्णय थांबवला गेला.

२०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी तोडगा काढला. भरपाई कोरियन निधीतूनच द्यायची. जीसोमिया पूर्ववत झाला, डिसेंबरपासून क्षेपणास्त्रांची माहितीही तत्काळ मिळू लागली. पैसे मात्र काही पीडितांनी तेव्हा नाकारले. ते जपानकडून आलेले नव्हते.