निळ्या रेषेच्या बाहेर

4 ऑगस्ट 2019, रविवार. नाशिकमधल्या सातपूरला आयटीआय पुलावर तुम्ही छत्री सावरत उभे आहात. खाली नासर्डी नदी फुगलीय. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आकडा जाहीर होतो, गोदाकाठच्यांना सामान हलवायला वेळ मिळतो. नासर्डीला तसा दरवाजाच नाही. वर पाऊस कोसळला की ती आलीच.

तिकडे गोदावरीवरच्या होळकर पुलाखालचे क्युसेक मोजणं चालू आहे. नाशिककर मात्र विचारतोय, "मारुती किती बुडाला?" गुडघा, कंबर, छाती, गळा. आज गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचं डोकंही दिसत नाही.

मागे चला. सप्टेंबर 2008. सराफ बाजारात पाणी शिरलंय. आणखी मागे, सप्टेंबर 1969. गंगापूर धरण तोवर उभं राहिलेलं, तरीही महापूर. धरण असलं म्हणजे सुटलो, हा समज तिथेच वाहून जायला हवा होता.

आता परत या. हातात सातपूरच्या नदीकाठच्या फ्लॅटची फाईल आहे आणि नकाशावर दोन पूररेषा: निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "शंभर वर्षांतून एकदाच ना?" असं म्हणून मोकळे होऊ नका. त्याचा अर्थ दरवर्षी 1 टक्का शक्यता. 20 वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत पाणी लाल रेषेपर्यंत येण्याची शक्यता सुमारे 18 टक्के होते, निळ्या रेषेपर्यंत तब्बल 56.

सातपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. समुद्र चढला तरी इथे यायचा नाही. पण तो ढगांतून येतो. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, त्यामागे तापलेल्या अरबी समुद्राकडून येणारं बाष्प आहे, असं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये मांडलं. आणि पूररेषा तर होऊन गेलेल्या पावसाच्या नोंदींवरूनच काढतात. दर काही वर्षांनी ती नव्याने आखली नाही, तर नकाशा जुन्या पावसाचा आणि घर नव्या पावसातलं.

तुम्ही एजंटला विचारता, "ही रेषा कोणत्या सालापर्यंतच्या पावसावर काढलीय?"

"साहेब, आपली जागा निळ्या रेषेच्या बाहेर आहे," तो म्हणतो आणि बुकिंगचा फॉर्म पुढे करतो.