ओ ओणव्याचा

अमेरिकी चित्रकार एड रुशे याने 1963 साली सव्वीस पेट्रोलपंपांचे साधे फोटो छापून एक पातळसं पुस्तक काढलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते परत पाठवलं, तर या पठ्ठ्याने त्या नकाराचीच जाहिरात केली! पुढच्या वर्षीच्या पुस्तकात पानोपानी छोट्या छोट्या आगी, आणि शेवटी, काही कारण नसताना, दुधाचा ग्लास. चित्रकाराने पुस्तकालाच कलाकृती मानण्याची आधुनिक वंशावळ बहुधा इथूनच मांडतात.

मराठी घरात मात्र रोजच्या वस्तूंचं असं पुस्तक आधीपासून होतं. अंकलिपी.

तिचा मूळपुरुष शोधायचा तर 1658 मध्ये न्यूरेंबर्गला निघालेल्या कोमेनियसच्या सचित्र बालपुस्तकापर्यंत जावं लागतं. पण खरी गंमत आपल्या तक्त्यात आहे. अननस, आई, इजार, ईडलिंबू, उखळ. ओ म्हटलं की ओणवा झालेला माणूस. बदकाशेजारी भटजी, थडग्याच्या एका बाजूला तलवार नि दुसऱ्या बाजूला दौत. हे शेजार कुणी विचारपूर्वक जुळवलेले नाहीत, वर्णक्रमाने ते आपोआप जुळले.

हे हेरलं अरुण कोलटकरांनी. जे. जे. कलाशाळेत शिकलेला, जाहिरातक्षेत्रात मुरलेला हा कवी. 1976च्या ‘जेजुरी’ या स्वतःच्या संग्रहासह क्लिअरिंग हाउस या प्रकाशनाच्या पुस्तकांची मुखपृष्ठंही त्याचीच. मराठी अक्षरतक्त्यावरच्या त्याच्या इंग्रजी कवितेत वस्तूंची यादी येते. मधूनमधून कवी दिलासा देतो, की आपापल्या चौकटीत सगळे सुखरूप आहेत, काही बिघडणार नाही. काय काय बिघडणार नाही ते तो इतक्या तपशिलाने सांगतो, की वाचणाऱ्याला भलतंच दिसू लागतं. विनोद एवढाच, पण शिस्तीवर इतकी नेमकी टिप्पणी क्वचित झाली असेल.

पण वर्णक्रमच वेगळा असला तर? त्यासाठी आदिलाबाद जिल्ह्यातलं नार्नूर मंडल पाहू. या मंडलातल्या गुंजाळा गावात 2006च्या सुमारास जुनी हस्तलिखितं उजेडात आली आणि गोंडीची एक स्वतंत्र लिपी जगासमोर आली. 2018 मध्ये ती युनिकोडमध्येही दाखल झाली. तिथे तिची व्यंजनं ‘क’पासून नव्हे, ‘य’पासून सुरू होतात, मग व, ब, भ, म. म्हणजे शेजारही बरेचसे नवे. कुठल्या वस्तूला कुणाच्या मांडीला मांडी लावून बसवायचं, हे आदिलाबादच्या एखाद्या चित्रकाराने मनावर घ्यावं.