वर्गाची भिंत आणि वाळ्याचा पडदा

स्मृतिव्याख्यानात थोरांच्या चरित्राविषयी बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज, ज्या वर्गांत आपण शिकलो त्यांच्या उन्हाळ्याविषयी बोलणार आहे.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिचेच पुढे ‘लष्कर’ हे शहर झाले. दक्षिणेतून आलेल्या मराठी कुटुंबांना येथील लू नवी होती. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि हवेत ओलावा नाममात्र उरतो. तंबू गेले, वालुकाश्माची घरे आली, पुढे शाळा आल्या. त्या या हवेशी जुळवून घेतच. दीड-दोन फूट जाडीच्या दगडी भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचण्यास कित्येक तास लागतात; तोवर वर्ग रिकामे झालेले असतात. उंच छताखाली तापलेली हवा डोक्यावर राहते आणि झरोक्यांतून निघून जाते. उन्हाळ्यातील सकाळची शाळा हाही या रचनेचाच भाग होता.

उरलेले काम वाळ्याचा पडदा करी. कोरड्या वाऱ्यात पाण्याची झपाट्याने वाफ होते आणि ती वाऱ्यातील उष्णता घेऊन जाते. पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच पडदा निरुपयोगी. १९८६ साली रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेतील शर्मा व अली यांनी उष्णता, आर्द्रता आणि वारा यांचा एकत्रित निर्देशांक मांडला. त्यात २५ ते ३० अंश हा सुखाचा पट्टा ठरला. जुन्या गवंड्यांनी तो अनुभवाने जाणला होता.

पण एक गोष्ट मला लपवायची नाही. १९६० च्या सुमारास आमच्या वर्गाच्या पडद्यावर पाणी मारायला भिस्ती येई आणि त्याच्यासोबत माझ्याच वयाचा त्याचा मुलगा. आम्ही गारव्यात पाढे म्हणत असू. तो बाहेर उन्हात उभा असे. त्याला आत बोलवावे, असे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही. त्याच्यावाचून या गारव्याचा इतिहास अपुरा आहे.

आज नव्या खोल्यांचे सहा इंची काँक्रीटचे छत दुपारचे ऊन चारेक तासांतच खाली पोचवते आणि पंखा तीच हवा फिरवतो. म्हणून माझी विनंती आहे: देणगीची पाटी बसवण्याआधी त्या छतावर पांढऱ्या चुन्याचा थर द्यावा आणि पश्चिमेच्या भिंतीला ओसरी जोडावी. या वेळी गारवा सर्वांच्या वाट्याला यावा. त्यासाठी कोणाचेही मूल उन्हात उभे राहू नये.