दोन चिठ्ठ्या

माझी आजी १९५२ साली जन्मात पहिल्यांदा मत टाकायला गेली आणि दोन्ही चिठ्ठ्या हत्तीच्या पेटीत टाकून आली. मरेपर्यंत ती हे अभिमानानं सांगायची. ‘‘दोन दिल्या व्हत्या सायबानं. दोनी बाबाला दिल्या. घरात कायबी नव्हतं, पर त्या दिशी हात राखला नाय.’’

लहानपणी ऐकताना छाती फुगायची. पुढं कायदा वाचला आणि छातीत कळ आली. हे लिहायला तीच कळ कारण आहे. दुसरं कारण, निवडणूक तोंडावर आलीय. आमचा मतदारसंघ राखीव आहे, आणि वस्तीतली पोरं रोज दारात उभी. ‘‘दादा, यंदा कुणाला?’’

मी त्यांना नाव सांगत नाही, आजीची गोष्ट सांगतो. पोरांना ती फार लांबड वाटते. इथं सगळी लिहून काढतो.

आजीच्या आधीच्या आमच्या माणसांना मत नव्हतंच. १९१९ च्या जानेवारीत बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढं साक्ष दिली, मताचा हक्क मागितला. सरकारनं जे दिलं ते जमीन, कर, भाडं, शिक्षण यांच्या मापानं दिलं. ज्याच्याकडं सातबारा नाही, पावती नाही, पाटी नाही, त्याचं नाव यादीत येणार कुठून? महारवाड्यातला माणूस शिरगणतीत मोजला जायचा. मतदारयादीत त्याला जागा नव्हती.

मग १९३२. ऑगस्टमध्ये जातीय निवाडा आला. त्यात अस्पृश्यांना प्रांतांच्या कायदेमंडळांत ७१ जागा होत्या. जागा थोड्या, पण त्यांवर निवडून कोण जायचं ते फक्त अस्पृश्य मतदार ठरवणार होते, आणि वर सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांना मत होतं. म्हणजे आपला माणूस आपण पाठवायचा, आणि दुसऱ्यांच्या माणसालाही आपल्या दारात यावं लागायचं. गांधींनी येरवड्यात उपास मांडला. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. ७१ च्या १४८ झाल्या. जागा दुप्पट झाल्या आणि निवडीची किल्ली गेली. प्राथमिक निवडणुकीत अस्पृश्यांनी चार माणसं निवडायची, आणि त्या चारांतला एक सगळ्यांनी मिळून निवडायचा. सगळ्यांनी म्हणजे कुणी? गावात ज्यांची घरं जास्त त्यांनी. चारपेक्षा जास्त उमेदवार नसले तर प्राथमिक निवडणूकही व्हायची नाही. चौथ्या नंबरचा, आपल्या वस्तीनं ढकलून दिलेला माणूसही आपलाच प्रतिनिधी म्हणून सभागृहात जाऊन बसू शकायचा. प्राथमिक निवडणुकीची ती सोय दहा वर्षांचीच होती, ती संपली. उरलेलं गणित अजून चालू आहे. म्हणून राखीव जागेवर मत कसं ठरवायचं हा प्रश्न आमच्यापुढं वेगळा येतो. उमेदवार जातीनं आपलाच असतो. त्याला तिकीट कुणी दिलं, निवडून कुणाच्या मतांनी आला आणि उद्या तो कुणाच्या तोंडाकडं बघून हात वर करणार, ते बघावं लागतं.

फेब्रुवारी १९३७ ची निवडणूक बघा. स्वतंत्र मजूर पक्ष जेमतेम सहा महिन्यांचा, १९३६ च्या ऑगस्टमधला. मुंबईत भायखळा-परळच्या जागेवर बाबासाहेब उभे आणि समोर काँग्रेसनं कोण उभा केला? पळवणकर बाळू. आजच्या पोरांना हे नाव ठाऊक नसतं. १९११ साली हिंदुस्थानचा क्रिकेटचा संघ विलायतेला गेला तेव्हा या चांभाराच्या पोरानं तिथं शंभरावर विकेटी काढल्या. पुण्यात क्लबवाले त्याला चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात द्यायचे आणि बॉल मात्र त्याच्याच हातात द्यायचे. कप्तानपद जन्मात दिलं नाही. असा माणूस. आमच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलेलं. त्याच्याबद्दल वाईट बोलायला कुणाची जीभ रेटत नव्हती, आणि काँग्रेसनं नेमकं तेच हेरलं.

मतदारानं ठरवायचं कसं? माणूस चांगला की वाईट एवढंच बघितलं असतं तर घोळ होता. बाळू चांगलाच माणूस होता. पण पुणे कराराच्या वेळी तो कुणाच्या बाजूनं उभा राहिला हे लोकांना ठाऊक होतं. वेगळ्या मतदारसंघाच्या तो विरोधात होता. चाळीत एकजण ‘जनता’ वाचायचा आणि वीसजण ऐकायचे. जलसे व्हायचे. निरक्षर माणसाला उमेदवाराची माहिती अशी मिळायची, ढोलकीवर आणि रात्री कामावरनं आल्यावर. निकाल लागला : बाबासाहेब १३,२४५, बाळू ११,२२५. दोन हजारांचा फरक. फार नाही. चांगल्या माणसाला नाही म्हणणं किती अवघड असतं ते या आकड्यात दिसतं. पक्षानं १७ उमेदवार दिले, १४ आले.

निवडून आल्यावर काय केलं, तेही लोकांना बघता आलं. त्याच वर्षी खोती मोडायचं बिल मांडलं. महार वतनाचं बिल मांडलं. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून आले, त्यांत कुणबी होते, महार होते. नोव्हेंबरात औद्योगिक तंट्याच्या बिलाविरुद्ध संप झाला. पुढच्या वेळी मत मागायला गेलं तर दाखवायला हे कागद होते.

आणि बाबासाहेब स्वतः उमेदवार कसे तपासायचे, ते त्यांच्या १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरच्या इंग्रजी ग्रंथात आहे. त्या ग्रंथाच्या नावानं भाषणं ठोकणारे पुष्कळ. त्यातले तक्ते उघडून बघणारे थोडे. १५१ राखीव जागांतल्या ७८ काँग्रेसनं घेतल्या. ठीक. पण त्या कुणाच्या मतांनी घेतल्या, हे बाबासाहेब एकेक मतदारसंघ घेऊन तपासतात. अस्पृश्य मतदार किती, इतर किती, जिंकला कितीनं. वकिलानं खटल्याचे कागद लावावेत तसं. पुढाऱ्यानं सांगितलं म्हणून मान हलवायची, ही त्यांची रीत नव्हती. आमची केव्हा झाली?

१९४६ ची गोष्ट थोडक्यात सांगतो. फेडरेशन आपटलं. मुंबई इलाख्यातनं बाबासाहेबांना घटना समितीत जायला वाट उरली नाही. बंगालातनं जोगेंद्रनाथ मंडलांच्या जोरावर ते गेले. ज्यानं घटना लिहायची त्याला स्वतःच्या मुलखानं पाठवलं नाही.

आता आजीकडं येतो.

१९५१-५२ ची निवडणूक प्रौढ मतदानाची. सुमारे १७ कोटी मतदार. जमीन नको, पावती नको, शाळा नको, एकवीस वर्षं भरली की झालं. उत्तरेकडं सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतनं गळाली, कारण त्यांनी नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असं सांगितलं. आजीनं मात्र स्वतःचं नाव सांगितलं होतं. हेही ती अभिमानानं सांगायची आणि हा अभिमान खरा होता.

तेव्हा शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची लोखंडी पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह. बैलजोडी, झाड, हत्ती. पडद्याआड जायचं आणि चिठ्ठी पेटीत सोडायची. उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. म्हणून चिठ्ठ्या दोन. फेडरेशननं समाजवाद्यांशी समझोता केलेला : सर्वसाधारण जागेला अशोक मेहता, राखीव जागेला बाबासाहेब. एक चिठ्ठी हत्तीला, एक झाडाला.

कायदा असा होता की एका उमेदवाराला एकच मत. दोन्ही एकालाच टाकली तर एक धरायचं, दुसरं रद्द. गंमत बघा, १९३७ साली मुंबई इलाख्यात नेमकी उलटी मुभा होती. जितकी मतं असतील तितकी एकालाच देता यायची, आणि अल्पसंख्याकाला तिचा आधार होता. पंधरा वर्षांत नियम फिरला. चाळीतल्या जुन्या माणसांच्या डोक्यात तो जुना नियम होता का, की नुसती माया होती? आजीच्या बाबतीत मायाच.

निकाल : काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. फरक १४,५६१. मेहताही पडले. आणि रद्द झालेली मतं ७४,३३३.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटलं. त्यातली एक चिठ्ठी माझ्या आजीची.

नीट समजून घ्या. आजीच्या दुसऱ्या चिठ्ठीनं बाबासाहेबांचं एक मत कमी झालं नाही. त्यांचं एक मत त्यांना मिळालंच. वाया गेलं ते मेहतांचं. पण युती दोन्ही बाजूंनी पाळावी लागते. आपली दुसरी चिठ्ठी झाडाला गेली नाही, तर झाडवाल्यांनी आपली हत्तीला का टाकावी? आणि त्यांच्यातल्या किती जणांनी टाकली, किती जणांचा हात पेटीपाशी जाऊन महाराला मत द्यायला थबकला, हे पडद्याआडचं. आपल्या लोकांनी मत वाया घालवलं ते प्रेमानं किंवा अडाणीपणानं. इतरांनी घालवलं ते कशानं? बाबासाहेब आणि मेहता निवडणुकीविरुद्ध दाद मागायला गेले. मतं जाणूनबुजून वाया घालवायचा प्रचार झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. याचिका फेटाळली गेली.

दोन वर्षांनी, १९५४ ला, भंडाऱ्याची पोटनिवडणूक. पुन्हा दोन जागा, पुन्हा मेहता आणि बाबासाहेब. आपल्यातली शहाणी माणसं सांगायला गेली, की लोकांना दुसरं मत जाळायला सांगा, म्हणजे तुम्ही नक्की याल. बाबासाहेबांनी ऐकलं नाही. घटनेनं दिलेलं मत वाया घालवा असं सांगण्यापेक्षा पडलेलं बरं, अशी त्यांची भूमिका. आमच्या लोकांनी शब्द पाळला. मेहता निवडून आले. बाबासाहेब ८,३८१ मतांनी पडले. जागा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडं गेली.

भंडाऱ्याच्या या गोष्टीवर आमच्यात अजून भांडणं होतात. काही म्हणतात, जाळायला पाहिजे होतं. मीही विशीत तेच म्हणायचो. आता वाटतं, भंडाऱ्याच्या माणसांना दोन्ही चिठ्ठ्या कुठं जातात हे ठाऊक होतं आणि तरी त्यांनी तसं केलं. पडले, पण आंधळेपणानं नाही. माझ्या आजीला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. बाबाला मत द्या एवढं सांगून कार्यकर्ते पुढच्या चाळीत गेले. चूक कार्यकर्त्यांची आहे आणि त्या जागी आज मी आहे.

दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं गेले. आता चिठ्ठी नाही, पेटी नाही, बटण आहे आणि ते एकच. पण माहिती? १९५२ च्या आजीला जे मिळालं नाही ते आज कागदावर मिळतं. २००२-०३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की उमेदवारानं शपथेवर लिहून द्यायचं : खटले किती, जमीन किती, सोनं किती, कर्ज किती, शिक्षण किती. निवडणूक अधिकाऱ्याच्या फलकावर ते लागतं. मी गेलो, उभ्यानं वाचलं, उतरवून घेतलं. मागच्या खेपेचं शपथपत्रही मिळवलं, शेजारी ठेवलं. कुणाचा बंगला पाच वर्षांत उगवला ते दिसतं. बायकोच्या नावावरची जमीन दिसते.

पण त्या कागदाला जे दिसत नाही तेच आम्हाला पाहिजे. आमच्या पोराला मारलं तेव्हा ॲट्रॉसिटीची केस मागं घ्या म्हणून सांगायला कोण आला होता, याचा रकाना त्यात नाही. सभागृहात पाच वर्षांत तोंड किती वेळा उघडलं, याचा नाही. दलित वस्तीचा निधी कुणाच्या गल्लीत मुरला, याचा नाही. हे रकाने आम्ही वहीत आखलेत. २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणी नाही’ हे बटण आहे, पोरं त्याचं नाव सारखी काढतात. मी म्हणतो, आधी वही भरू, मग त्या बटणाचं बघू.

रविवारी संध्याकाळी विहारात बसायचं ठरलंय. झेरॉक्स काढून आणल्यात. बाया म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नाही, तुम्ही मोठ्यानं वाचा, मधे काही गाळू नका. शेजारची म्हातारी म्हणाली, ‘‘आन् वाचून झाल्याव तू कुणाला टाकनार ते सांगू नको. इचार आमी करू.’’