वारली चौक

वारली चौक : पालघर जिल्हा आणि त्याला लागून असलेल्या गुजरात व दादरा-नगर हवेलीच्या भागातील वारली आदिवासींच्या लग्नात घराच्या भिंतीवर काढतात ते विधिचित्र. शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर सवासिनी ते तांदळाच्या पिठाने काढतात. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हाच त्यांचा कुंचला. मधोमध पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात पंचशिर्या देव. गाणी म्हणत लग्न लावणारी धवलेरीही बाईच असते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी विणकर सेवा केंद्राच्या कामानिमित्त डहाणू भागात गेले आणि ही चित्रे कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) त्यांतून जगभर पोचले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिंत सुटली तशी बायकांची मक्तेदारीही सुटली आणि विधीतले काम बहुतांशी पुरुषांचा व्यवसाय झाले. पुढे साड्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर दिसू लागला तो मुख्यतः तारपा वाजवणाऱ्याभोवती वेटोळे घालणारा नाच, पालघट क्वचितच. हे साहजिक आहे. नाच पाहताक्षणी कळतो, देवी कळायला तिची कथा ठाऊक असावी लागते. जागतिक बाजार लोककला सहसा मारत नाही. तिच्यातले स्पष्टीकरणावाचून खपणारे तेवढे उचलतो.

बाजार नसता तर ही कला केव्हाच लोपली असती, असा आक्षेप घेतला जातो. चित्रापुरता तो खरा आहे. त्यातून पैसा आला, मान आला आणि मशे यांच्या मासेमारीच्या जाळ्यांच्या चित्रांसारखी अस्सल नवनिर्मितीही झाली. मात्र चौकाचे जगणे विक्रीवर अवलंबून नव्हतेच, लग्नावर होते. परंपरा बदलतच असते, हा दुसरा आक्षेपही रास्त आहे: वारली चित्रकार आगगाडी, मोटार काढतात ते आपल्याच डोळ्यांनी पाहून. तिथे निवड त्यांची असते. कपावर काय छापायचे हे बहुधा दुसराच कोणी ठरवतो. २०१४ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनामुळे ‘वारली’ या नावाच्या गैरवापराला हरकत घेता येते, आणि हे थोडे नव्हे. पण ते विक्रीच्या मालाला लागू पडते. धवलेरीची तोंडपाठ गाणी त्याच्या कक्षेत येत नाहीत. ती लग्नमांडवात ऐकून, सोबत म्हणूनच शिकावी लागतात.