लेकरू कुणाजवळ राहणार?

नवरा-बायकोचं फाटलं की एक धमकी ठरलेली असते, "जायचं तर जा, लेकरू इथंच राहील." एके काळी कायदाही या धमकीच्या बाजूनं झुकलेला होता.

इंग्रजांनी १८९० साली पालक आणि पाल्य कायदा केला. मुलाचं हित बघा, असं त्यात होतं. पण बाप हयात असेल आणि कोर्टाला नालायक वाटत नसेल, तर दुसरा पालक नेमायचा नाही, असंही होतं.

१९५६ च्या हिंदू कायद्यानं मुलाचं कल्याण सगळ्यात वर ठेवलं. पाच वर्षांखालचं लेकरू साधारणपणे आईजवळ, असंही लिहिलं. तरी पालक म्हणून आधी बाप, त्याच्या ‘नंतर’ आई. म्हणजे खस्ता आईनं खायच्या, सही बापाची!

या ‘नंतर’ला आपल्या महाराष्ट्रातल्या जिजाबाई गजरे यांच्या खटल्यानं धक्का दिला. जमीन लेकीच्या नावावर. बाप जिवंत, पण वेगळा राहणारा, लेकीकडं न बघणारा. आईनं जमीन कसायला दिली होती. तिला तो अधिकार होता का? १९७० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, अशा वेळी आईच पालक. १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं, ‘नंतर’ म्हणजे फक्त बाप मेल्यावर नव्हे. तो लक्ष देत नसेल तेव्हाही. २०१० साली १८९० च्या कायद्यातही बापाच्या जोडीला आई आली. हा कायदा सर्व धर्मांच्या घरांना लागू आहे.

आज कोर्ट बघतं, लेकराला रोज कोण सांभाळतं, शाळा-दवाखाना कोण करतं. मूल जाणतं असेल तर त्याचं म्हणणंही ऐकतं. पाच वर्षं भरली म्हणून लेकरू आपोआप बापाकडं जात नाही. कमाई कमी म्हणून आई हरत नाही. खर्च बापाकडून मागता येतो. ताबा एकाकडं दिला तरी दुसऱ्याला सहसा भेटू देतात. परिस्थिती बदलली तर हुकूमही बदलून मागता येतो.

म्हणून शाळेच्या पावत्या, लसीचं कार्ड, दवाखान्याचे कागद जपून ठेवा. सांभाळ कोण करतं, ते त्यातून दिसतं. वकिलाला पैसे नसतील तर सोलापूरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा. १९८७ च्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. एकटीनं जायला धीर होत नसेल, तर गटातल्या दोघी-तिघी सोबत जा.