गाडी गेली, नांव उरलें

फ्रेंच भाषेवर देखरेख ठेवणारी अकादमी १६३५ पासून आहे. इंग्रजीला तशी संस्था नाहीं. तिचे पुष्कळ शब्द लोकव्यवहारांत घडतात आणि कोशकार मागाहून त्यांची नोंद करतात. दुकान ही अशा शब्दांची एक टांकसाळच होय.

पूर्वी अमेरिकेंत गिऱ्हाइकानें यादी सांगावी आणि दुकानांतील नोकरानें फळीवरचे जिन्नस काढून बांधून द्यावे, अशी रीत होती. १९१६ सालीं क्लॅरेन्स साँडर्स यांनीं मेंफिस शहरांत निराळें दुकान काढलें. तेथें गिऱ्हाइकानें आपणच टोपलींत माल घ्यावा व बाहेर पडतांना पैसे चुकते करावे. नोकर थोडे, म्हणून भावहि उतरले. ‘सेल्फ’ आणि ‘सर्व्हिस’ हे दोन जुने शब्द अशा दुकानांनीं जोडीनें घरोघर पोंचविले. जोडशब्दांत सेवा राहिली. सेवा करणारा मात्र वजा झाला.

टोपली जड झाली कीं खरेदी थांबते. हें हेरून १९३७ सालीं ओक्लाहोमा सिटींत सिल्व्हन गोल्डमन यांनीं चाकांची गाडी आणली. लोक संकोचले, तेव्हां त्यांनीं पगारी माणसें ठेवून ती दुकानांत फिरवविली. पुढें ती रुळली; अमेरिकेंत तिला ‘कार्ट’ म्हणूं लागले, ब्रिटनमध्यें ‘ट्रॉली’.

१९९० नंतर इंटरनेटवर दुकानें निघालीं. तेथें ना फळी, ना चाक. तरीहि पडद्यावर ‘कार्ट’ हाच शब्द आला. अनोळखी यंत्रापुढें माणसाला ओळखीचा शब्द धीर देतो, आणि काय हरपलें याची आठवणहि तोच जपतो.